आई देवाला चार्ज द्यायची

आमच्या बिल्डिंगमध्ये गजर कुणीच लावत नसे. पहाटे साडेपाचला माझी आई मागच्या बाल्कनीत येऊन घसा साफ करायची आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वयंपाकघरांतले दिवे लागायचे. चहाचं आधण चढायचं, पण मिक्सर कुणी लावायचं नाही, नळ बारीक व्हायचे. नाटक सुरू होण्याआधी हॉलमध्ये पसरते ना, तशी शांतता पसरायची. मग आई सुरू करायची, "प्रभू, एक नंबर."

उज्जैनला नानाखेड्याच्या बस स्टँडमागे आमची कॉलनी. बिल्डिंगमध्ये एकूण आठ फ्लॅट, आमचा चार नंबर. सगळ्यांच्या मागच्या बाल्कन्या एकाच डक्टमध्ये उघडतात. डक्ट म्हणजे पाइप, कबुतरं, वाळत घातलेले पंचे आणि वर आभाळाचा एक चौकोन. बिल्डरनं लिफ्टची जागा दाखवून लिफ्ट दिली नाही, गच्चीला गळती दिली, पण ह्या डक्टमध्ये आवाजाची जी करामत साधून दिली, तिला तोड नाही. चर्चच्या नाताळच्या नाटकांत मी तीस वर्षं कामं केली. कधी हेरोद राजा झालो, कधी सरायवाला, एकदा माणसं कमी पडली तेव्हा उंटाचा मागचा भाग. पण इतका उत्तम आवाज फिरणारा रंगमंच मला कधी मिळाला नाही. आईला मिळाला, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

आई नर्स होती. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नगरकडून उज्जैनला आले, आई त्यांच्यामागून आली आणि इथल्या एका दवाखान्यात छत्तीस वर्षं राबून रिटायर झाली. वडील गेले. आई अठ्ठ्याहत्तरची झाली, तरी सगळी कॉलनी तिला 'सिस्टर'च म्हणते. चर्चमध्ये आमची उपासना आता हिंदीत होते, पण आई देवाशी मराठीतच बोलते. देवाला हिंदी येत नाही असं नाही, पण दुखण्याचं बारीकसारीक मराठीतच नीट सांगता येतं, असं तिचं म्हणणं.

नर्सची ड्यूटी संपली की ती पुढच्या नर्सला चार्ज देते. एकेका पलंगापाशी उभं राहून कोणाला ताप होता, कोणी जेवलं नाही, कोणावर लक्ष ठेवायचं, हे सांगायचं आणि मगच घरी जायचं. आईची प्रार्थना तशीच होती. ती देवाला चार्ज द्यायची. फ्लॅटच्या क्रमानं.

"प्रभू, एक नंबर. आजोबांचा खोकला परत उठलाय. बाम चोळून काही होणार नाही, त्यांना डॉक्टरकडे जायची बुद्धी दे. दोन नंबर. काकांनी परत लपून जलेबी खाल्ली आहे. पायाची जखम वाळत नाही ती उगीच नाही. घरात खरं बोलायची त्यांना हिंमत दे. तीन नंबर. नवरा-बायकोचा अबोला आहे, आज चौथा दिवस. दोघांपैकी एकाला तरी अक्कल दे, कोणाला ते तुझं तू बघ..."

तिला वाटायचं, ती कुजबुजते आहे. कान गेले होते. कानातलं मशीन आणून दिलं, ते तिनं कपाटाच्या खणात ठेवून दिलं, कारण ते लावलं की घरातली सगळी भांडी एकदम पडतात, असं तिचं म्हणणं. आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याची कुजबुज थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाते.

दोन नंबरचे काका आमच्या थेट खाली राहतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या दप्तरात होते, आणि काकांचं बोलणं अजूनही कागदावर उतरवून घेण्याजोगं असतं. बिल्डिंगमधले बाकीचे बहुतेक हिंदी बोलणारे. त्यांना आईची मराठी अर्धीमुर्धी कळायची. म्हणून काका चहाचा कप घेऊन डक्टच्या खिडकीत उभे राहायचे आणि एक नंबरच्या सुनेला, वरच्या पाच नंबरला, हलक्या आवाजात अनुवाद करून द्यायचे. "कह रही हैं, तीन नंबर में बोलचाल बंद है." फक्त स्वतःच्या जलेबीचा अनुवाद ते गाळायचे.

आणि मी? मी ह्या सोसायटीचा अध्यक्ष. तिला हे सगळं सांगणं माझं काम होतं. ते सोडून मी तिची नक्कल बसवली. होळीच्या कार्यक्रमात खुर्चीवर उभा राहिलो, डोक्यावरून टॉवेल घेतला आणि "प्रभू, एक नंबर" असं सुरू केलं. लोक हसून हसून गडबडा लोळले. पहिल्या रांगेत आईही बसली होती. सगळे हसत होते म्हणून तीही हसत होती, टाळ्या वाजवत होती. हे आठवलं की मला आज हसू येत नाही, पण त्या दिवशी मला तीन वेळा 'वन्स मोअर' मिळाला होता.

दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी, माझी नोकरी गेली. फ्रीगंजमध्ये औषधांच्या एका एजन्सीचं ऑफिस होतं, तिथं मी बावीस वर्षं माल पाठवण्याचं काम बघत होतो. मालकांनी सगळं काम इंदूरला नेलं आणि आम्हा सहा जणांना चहा-समोसे देऊन निरोप दिला. समोसा चांगला होता. मी दोन खाल्ले. बावन्नाव्या वर्षी माणसाला घरी बसवताना समोसा तरी चांगला द्यावा, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिला आरडाओरडा करायची सवय नाही. ती फक्त म्हणाली, "आईंना कधी सांगायचं?"

"आईला? वेड लागलंय का? आईला सांगितलं की उद्या पावणेसहाला पूर्ण बिल्डिंगला कळेल. काका अनुवाद करतील!"

"कळू दे की. चोरी केली आहे का तुम्ही?"

"माझी काही इज्जत आहे की नाही?"

तिनं विळी पुढं ओढली. मग भाजी चिरायला लागली. आमच्या घरात तिनं भाजी चिरायला घेतली, म्हणजे माझं म्हणणं ऐकून घेतलं पण मान्य केलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जायचं नाटक सुरू केलं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात डबा. "आई, निघतो!" असं ओरडून स्कूटर काढायची आणि भैरवगढ गाठायचं. तिथं माझा एक जुना मित्र कापडावर ठप्प्यांची छपाई करतो, पिढीजात काम. त्याच्या कारखान्याच्या ओट्यावर मी दिवसभर बसायचो. पहिला आठवडा त्यानं मला चहा पाजला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "भिया, मुफ्त में बैठे हो तो चादर की घड़ी ही कर दो." मी घड्या घालायला लागलो. मग ओल्या कापडाची टोकं धरायला लागलो. मग महाकालचं दर्शन घेऊन आलेले प्रवासी चादरी बघायला यायचे, त्यांच्याशी बोलायला लागलो. बोलणं म्हणजे काय, प्रयोगच. मित्र म्हणायचा, माझ्या तोंडून ऐकलं की त्यालाही आपलीच चादर विकत घ्यावीशी वाटते.

दिवस कसाही जायचा. पंचाईत व्हायची संध्याकाळी. आमच्या घरी जेवणाआधी तिघांनी बसून प्रार्थना करायची, आणि प्रत्येकानं आपापलं मोठ्यानं बोलायचं, ही लग्नापासूनची रीत. आई खुर्ची ओढून कान माझ्या तोंडापाशी आणून बसायची. आता आईसमोर आणि देवासमोर एकाच वेळी काय बोलायचं? सरळ खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. देवाशी खोटं बोलायला वेगळी छाती लागते. म्हणून मी वकिलासारखी प्रार्थना करायला लागलो. "प्रभू, आमच्या ऑफिसवर तुझी कृपादृष्टी असू दे." ऑफिसला कुलूप होतं, म्हणजे कृपादृष्टीची गरज होतीच. "माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना शांती दे." पाच जण बेकार होते, त्यांना शांती हवीच होती. "आजच्या दिवसाच्या श्रमासाठी तुझे आभार." चादरी काय हलक्या असतात? इथं टेबलाखालून बायकोची लाथ बसायची. मी "आमेन" म्हणायचो. आईही भक्तिभावानं "आमेन" म्हणायची. बायको काहीच म्हणायची नाही.

पण नर्सच्या डोळ्यांपासून माणूस किती दिवस लपणार? माझं जेवण कमी झालं होतं. आईनं ते टिपलं, मनाशी निदान केलं, आणि एके दिवशी पहाटे मी अंथरुणात असताना डक्टमधून ऐकू आलं, "चार नंबर. प्रभू, माझ्या लेकाचं पोट साफ होत नाहीये. लाजेखातर सांगत नाही. त्याची आतडी मोकळी कर."

मी ताडकन उठून बसलो. बायकोनं उशीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

त्या दिवशी जिन्यात काका भेटले. माझ्या हातात त्रिफळा चूर्णाची डबी ठेवून गंभीरपणे म्हणाले, "रात्री कोमट पाण्यातून. अध्यक्षांची प्रकृती म्हणजे सोसायटीची प्रकृती." पाच नंबरनं इसबगोल पाठवलं. एक नंबरच्या आजोबांनी जिन्यात अडवून स्वतःचा अनुभव सविस्तर सांगितला.

पुढच्या महिन्यात माझी नखं निळी झाली. छपाईचा रंग, साबणानं जात नाही. आईनं ती जेवताना पाहिली आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. नखं निळी म्हणजे तिच्या शिक्षणाप्रमाणे रक्तात प्राणवायू कमी, म्हणजे हृदय. तिनं माझी नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली, आणि मी "आई, शाई आहे, पेन फुटलं" म्हणालो ते तिनं ऐकलंच नाही किंवा ऐकून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे बिल्डिंगला कळलं की अध्यक्षांचं हृदय दुबळं झालं आहे. दोन दिवस मला कुणी पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही.

म्हणजे बघा, इज्जत वाचवायला एक गोष्ट लपवली आणि तिच्या बदल्यात आतडी आणि हृदय दोन्ही चव्हाट्यावर आली. तरीही मी गप्प राहिलो. गप्प राहण्याचं कारणही माझ्याकडे तयार होतं: आईच्या पोटात काही राहत नाही, मी तरी काय करणार?

मग आठ नंबरची गोष्ट घडली.

आठ नंबरमध्ये एक तरुण जोडपं नुकतंच भाड्यानं आलं होतं. तो बँकेत, ती घरी. अबोल मुलगी. आईशी मात्र जिन्यात थांबून बोलायची, कारण आई सिस्टर. एका दुपारी तिनं आईच्या कानाशी लागून सांगितलं की तिला दिवस गेले आहेत, अडीच महिने, आणि याआधी दोनदा गर्भ राहून गेला आहे. सासरी-माहेरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. भीती वाटते.

आईनं ते देवाला सांगितलं. सगळंच्या सगळं, दोनदा गेल्याचंही. मला ते ऐकू आलं आणि मी कूस बदलून परत झोपलो. काकांनी अनुवाद केला. दुपारपर्यंत एक नंबरची सून मिठाईचा डबा घेऊन आठ नंबरला पोचली.

संध्याकाळी तिचा नवरा माझ्या दारात उभा होता. आत आला नाही. आवाजही चढवला नाही, त्यानं तर मी जास्तच घाबरलो.

"अंकल, मेरी वाइफ सुबह से रो रही है. हमने अपनी माँ तक को नहीं बताया था. सिस्टरजी हमारा नाम लेकर प्रार्थना करती हैं, पूरी बिल्डिंग सुनती है, और आप अध्यक्ष हैं. आपने कभी रोका नहीं?"

दिवस असे आहेत की 'प्रार्थना' आणि 'हमारा नाम' हे शब्द एकाच तक्रारीत आले की आमच्यासारख्या ख्रिस्ती माणसाला आधी धर्मांतराचा आरोप आठवतो. गोष्ट कुठून कुठं जाईल सांगता येत नाही. मी मनातल्या मनात पुढच्या दहा गोष्टी बघून टाकल्या. पण त्या पोराच्या मनात तसलं काहीच नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की त्यांची गोष्ट त्यांची होती. आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

"मैं बात करता हूँ," मी म्हणालो. नाटकात इतकी वर्षं काढून मला तेवढंच एक वाक्य सुचलं.

आई स्वयंपाकघरात चहा करत होती. मी जाऊन उभा राहिलो. विषय काढला, फिरवला, हवापाण्यावर आणला, परत फिरवला. आईला अर्धं ऐकू येत नव्हतं आणि उरलेलं मी बोलत नव्हतो. शेवटी बायको पुढं झाली. तिनं आईचा हात धरला आणि कानाशी स्पष्ट म्हणाली, "आई, तुमची सकाळची प्रार्थना सगळ्यांना ऐकू जाते. खालपासून वरपर्यंत. रोज."

"काहीतरीच काय. मी तर ओठांतल्या ओठांत बोलते."

"नाही, आई."

आई हसली. मग तिनं बायकोच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

"सगळं ऐकू जातं? आठ नंबरचं पण?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"वर्ष तरी झालं असेल."

आई माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.  तिनं गॅस बंद केला, अर्धवट उकळलेला चहा तसाच ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. छत्तीस वर्षं वॉर्डातली एक गोष्ट तिनं कधी दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. वडिलांनी विचारलं तरी ती सांगत नसे. कोणत्या घरातल्या कोणत्या मुलीचं काय झालं, हे जन्मभर पोटात ठेवलेली बाई ती. आणि मी तिला होळीत टाळ्या वाजवू दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बाल्कनीचं दार उघडलं नाही. डक्टमध्ये कबुतरं तेवढी घुमत होती. सहाला खालून काकांच्या खाकरण्याचा आवाज आला, एकदा, मग जरा मोठ्यानं. मग त्यांच्या खिडकीचं दार लागलं. तिसऱ्या दिवशीही तेच. आई खोलीत बसायची, जेवायची थोडंसं, संध्याकाळच्या प्रार्थनेत फक्त डोळे मिटून राहायची. तिच्यासमोर माझी वकिली प्रार्थना आता तोंडातून फुटेना. "प्रभू, आभार, आमेन" एवढ्यावर मी आटपायला लागलो.

शनिवारी सकाळी तिनं पांढरी साडी नेसली, केस नीट बांधले, आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. उद्या प्रभुभोजन आहे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, आणि कोणाशी बिघडलेलं असताना आई त्या मेजापाशी जात नाही. हा तिचा जुना नियम. एकदा भाजीवालीशी भांडण झालं होतं, तर रविवारी सकाळी आधी भाजीवालीचं घर शोधत गेली होती आणि आम्ही सगळे चर्चला उशिरा पोचलो होतो. पण भाजीवाली एकच होती. इथं सात घरं होती.

"आई, मी सगळ्यांना सांगतो तुझ्या वतीनं. गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे आहेत. तू फक्त मला ऐकू आलं नाही तर सांग."

एक नंबरपासून राउंड सुरू झाला. प्रत्येक दारात ती तेच बोलत होती. तुमची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली, मला माफ करा. कानांचं कारण तिनं एकाही घरात दिलं नाही. मी एकदा "ऐकू येत नाही ना तिला" असं मध्ये घातलं, तर मला कोपरानं ढकललं. "कानांचा काय दोष? गोष्ट माझ्यापाशी ठेवली होती, माझ्यापाशी राहायला हवी होती."

दोन नंबरमध्ये काका इतके अवघडले की त्यांची ती दप्तरी मराठी अडकून बसली. "सिस्टर, अहो, तुम्ही कसली... खरं तर मीच... अनुवाद..." मागून काकू म्हणाल्या, "बोला, बोला. जलेबीचंही बोला." तीन नंबरमध्ये अबोलेवाल्या बायकोनं आईला मिठीच मारली. "सिस्टरजी, आपने बोला तभी तो इन्होंने सॉरी कहा." नवरा म्हणाला, "मैंने नहीं, पहले इसने कहा." ते तिथंच परत सुरू झाले, म्हणून आम्ही निघालो.

पाच, सहा, सात झाले. आठ नंबरच्या दारापाशी आई थांबली, कठड्याला धरून श्वास घेतला आणि स्वतः बेल दाबली.

दार त्या मुलीनं उघडलं. मागं तिचा नवरा उभा राहिला, हाताची घडी घालून. आई आपल्या हिंदीत म्हणाली, "बेटी, तुमने मुझे विश्वास से बताया और मैंने बाहर कर दिया. बहुत गलत हुआ मेरे से. माफ करना. नहीं कर सकती तो भी चलेगा, पर मैं बोलने को आई."

नवरा म्हणाला, "ठीक है." कोरडं. त्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

मुलगी मात्र दारातून पुढं आली. आईचा पदर कानावरून बाजूला केला आणि कानाशी लागून काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मी दोन पावलांवर होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आई ऐकत होती, मान हलवत होती, एकदा तिनं काहीतरी विचारलं, खरोखरीच्या कुजबुजीत. मुलीनं उत्तर दिलं. मग आईनं तिच्या गालाला हात लावला आणि आम्ही वळलो.

चार पायऱ्या उतरलो आणि मला राहवेना. "काय म्हणाली गं?"

"तुला काय करायचंय?" आई म्हणाली.

मी जागच्या जागी थांबलो. आई कठड्याला धरून पुढं उतरत होती. माझ्या हातातलं शेवटचं कारण ती जाता जाता काढून घेऊन गेली होती. आईच्या पोटात काही राहत नाही, असं मी तीन महिने स्वतःला सांगत होतो. राहत होतं की. तिला फक्त कळायला हवं होतं. मग मी तिला का सांगितलं नव्हतं? लाज वाटत होती, म्हणून. छत्तीस वर्षं पायांवर उभं राहून जिनं मला वाढवलं, तिला 'मला कामावरून काढलं' हे सांगायची लाज. बाकी सगळा देखावा होता.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आई पायरीवर बसली. "दम लागला. बस जरा."

मी बसलो. तिच्या कानाशी तोंड नेलं, त्या मुलीसारखं. "आई, मला काहीतरी..." तिनं मला ढकललं. "मिशा टोचतात. नीट बोल."

"आई, माझी नोकरी गेली."

"काय गेली?"

"नोकरी!"

"मोठ्यानं बोल रे, पुटपुटू नकोस."

मी आवाजाचा माणूस. हेरोदाच्या भूमिकेत माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि म्हणालो, "आई! माझी! नोकरी! गेली! तीन महिने झाले!"

जिन्यातून ते खाली गेलं, डक्टमधून वर गेलं. दारं उघडल्याचे आवाज आले, एक, दोन, मग मोजायचं सोडलं. खालच्या वळणावर काकांचं टक्कल दिसलं.

आईला ऐकू आलं होतं. "तीन महिने? मग रोज कुठं जात होतास?"

"भैरवगढला! चादरी विकतो!"

"आणि नखं?"

"रंग आहे तो! कापडाचा!"

"मग पोट?"

"पोट ठणठणीत आहे, आई!"

खालून काकूंचा आवाज आला, "अगंबाई, आणि आपण त्रिफळा चूर्ण दिलं." कोणीतरी फिसकन हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. हिंदीत कुजबुज सुरू झाली. काका अनुवाद करत असणार, नाइलाज होता त्यांचा. मी तिथं घामाघूम उभा होतो, आणि मला मोठी गंमत वाटली की जमीन दुभंगली नाही. पाच नंबरची बाई तर तिच्या दारातून म्हणालीसुद्धा, "अरे भाईसाब, इतनी सी बात थी? हम तो समझे हार्ट है."

आई हसली नाही. तिचे डोळे भरले होते. "मी तीन महिने देवाला चुकीचा चार्ज देत होते," ती म्हणाली. "पेशंट एक आणि औषध भलतंच. त्याला तरी काय वाटलं असेल."

मी परत पायरीवर बसलो. तेवढ्यात वरून पावलं वाजली. आठ नंबरचा नवरा खाली येत होता, हातात प्लॅस्टिकची खुर्ची. माझ्याकडे न बघता त्यानं ती वळणावर ठेवली. "सिस्टरजी, यहाँ बैठिए. सीढ़ी पर मत बैठिए." तो लगेच वर निघून गेला.

आई खुर्चीवर बसली, मी तिच्या पायाशी पायरीवर. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर-खाली सगळे कठड्याला धरून उभे होते. आईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले आणि हलतच राहिले, पण आवाज नव्हता. अजिबात नव्हता. मी इतक्या जवळ होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता, शब्द एकही नाही. आवाज आत ठेवून बोलायला तिला किती कष्ट पडत होते, ते डोक्यावरच्या तिच्या हाताच्या दाबावरून कळत होतं.

 शेवटी खालच्या वळणावरून काका न राहवून म्हणाले, "सिस्टर, इकडं काहीच ऐकू येत नाहीये."

"तुम्ही आत चला," काकू म्हणाल्या.

आईनं डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं, आधी स्वतःचं, मग माझं, मी सहा वर्षांचा असल्यासारखं. कठड्याला धरून उभी राहिली. मी तिला आधार द्यायला हात पुढं केला, तर तिनं तो खुर्चीकडे वळवला.

"ही वर नेऊन दे."

"देतो गं, आधी तुला घरी सोडतो."

"मी जाईन. सूनबाई आहे दारात." ती एक पायरी उतरली आणि थांबली. "सात घरांत माझं बोलून झालं. तुझं राहिलंय. तुला वर्षभर ऐकू येत होतं ना? मला येत नव्हतं. जा. आणि तिथं ओरडू नकोस."

मी खुर्ची उचलली आणि वर गेलो.